गोठलेले फायर हायड्रंट: थंडीत नक्की काय करायचं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. मी एका गोदामाच्या मोठ्या आवाराची देखभाल बघतो. आवारात आमचे स्वतःचे फायर हायड्रंट आहेत, म्हणजे रस्त्यावरचे सरकारी नव्हेत, त्यांची जबाबदारी पूर्ण आमच्यावर. गेले काही दिवस पारा शून्याच्या बराच खाली आहे आणि काल फेरी मारताना कोपऱ्यातल्या एका हायड्रंटचं झाकण काही केल्या निघेना. पाना लावून वरचा नट फिरवून बघितला तर जेमतेम पाव फेरा फिरला आणि अडला. बरोबर कंत्राटदाराचा माणूस होता, तो म्हणाला थांबा, गॅसचा टॉर्च आणतो, पाच मिनिटांत मोकळा करतो. मी नको म्हटलं, कारण बिडाच्या वस्तूला अशी एकाच जागी आग दिलेली मला पटेना, पण मग दुसरं काय करायचं हे तिथे कोणालाच सांगता येईना.

तर विचारायचंय असं की हायड्रंट आतून गोठलाय की नुसता झाकणावर बर्फ धरलाय हे कसं ओळखायचं, आतून गोठला असेल तर धोका न पत्करता मोकळा कसा करायचा, आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे त्याच लाइनवरचे बाकीचे ठणठणीत असताना हा एकच का गोठला? थंडी तर सगळ्यांना सारखीच होती. गोदामाच्या मोठ्या दाराला जवळचा हायड्रंट नेमका हाच आहे, आग लागली तर बंबवाले आधी इथेच येणार, म्हणून जिवाला घोर लागलाय.

रानवारा
टॉर्चला नको म्हणालात ते एकदम बरोबर. वाचतोय.

पाणकळा
उंबरठा, पाणीपुरवठ्यात माझी बरीच वर्षं हायड्रंटच्या मागे गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आजचं काम. तो नट आता अजिबात जोर लावून फिरवू नका. पान्याच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवायचा मोह होतो, तो तर मुळीच नको. आत बर्फ असेल तर मधला दांडा पिळवटून तुटतो आणि मग थंडीत जमीन खणायची वेळ येते. दुसरं म्हणजे आत्ताच्या आत्ता अग्निशमन केंद्राला फोन करून सांगा की हा हायड्रंट बंद आहे, त्याच्यावर 'बंद' अशी ठळक पाटी अडकवा आणि पुढचा चालू हायड्रंट कुठे आहे तेही सांगून ठेवा. मोकळा करायचं नंतर बघू, आधी कोणी त्याच्या भरवशावर राहायला नको.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण खरी मेख तिथेच आहे. थंड प्रदेशात जो हायड्रंट वापरतात त्याला ड्राय बॅरल म्हणतात. जमिनीवर दिसतो तो लाल-पिवळा खांब एरवी आतून कोरडा असतो. पाणी अडवणारा मुख्य व्हॉल्व खाली असतो, जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्याही खाली. कडक थंडीच्या भागात ही खोली दीड-दोन मीटरपर्यंत जाते. वरचा नट फिरवला की लांब दांडा खालचा व्हॉल्व उघडतो आणि पाणी वर येतं. व्हॉल्व बंद केला की त्याच्याजवळची छोटी निचऱ्याची भोकं उघडतात आणि बॅरलमधलं पाणी त्यातून खालच्या खडीत झिरपून जातं. व्हॉल्व उघडला की हीच भोकं बंद होतात. सगळी करामत या भोकांची आहे.

म्हणून मी नव्या पोरांना एकच सांगतो, हायड्रंट थंडीने गोठत नाही, आत राहिलेल्या पाण्याने गोठतो. कोरड्या खांबात गोठायला आहेच काय? तुमच्या त्या एका हायड्रंटमध्ये पाणी राहिलं, बाकीच्यांत राहिलं नाही. ते का राहिलं हे शोधल्याशिवाय नुसता वितळवलात तर पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

चौकस
छान माहिती. एक बाळबोध प्रश्न, मग काही हायड्रंटना प्रत्येक तोंडाला वेगळा व्हॉल्व असतो ते कोणते? आणि निचऱ्याचं पाणी खडीत गेलं नाही तर जाणार कुठे?

पाणकळा
ते वेट बॅरल. त्यात पाणी अगदी वरपर्यंत कायम भरलेलं असतं, म्हणून जिथे पारा शून्याखाली जात नाही तिथेच ते बसवतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कुठेच जात नाही, आतच उभं राहतं. आणि तसं होण्याची कारणं बरीच. भोकं गाळाने बुजलेली असतात. आजूबाजूला भूजल वर आलेलं असतं आणि मग पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. खालच्या व्हॉल्वचं रबर झिजून थेंब थेंब गळती चालू असते. किंवा शेवटच्या माणसाने व्हॉल्व नीट पूर्ण बंदच केलेला नसतो, म्हणजे भोकंही पूर्ण उघडत नाहीत.

आणि एक कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वापर झाल्यावर लगेच सगळी झाकणं घट्ट लावून टाकतात. स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबलं की आतलं पाणी जसं खाली पडत नाही तसंच इथे होतं, वरून हवा शिरायला जागा नसल्यामुळे पाणी आत अडकून बसतं. म्हणून पाणी पूर्ण उतरेपर्यंत एक झाकण उघडं ठेवायचं आणि मगच लावायचं.

सातवा_मजला
पाणकळांनी यंत्रणा सांगितली, मी थोडं गणित सांगतो, कारण "गरम पाणी ओता की झालं" असं म्हणणारे पुढे येणारच आहेत.

पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं हे शाळेत शिकलोय. पण मला महत्त्वाची वाटते ती वितळवायला लागणारी उष्णता. १ किलो बर्फाचं शून्य अंशावरचं पाणी करायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते तितकी उष्णता नुसती बर्फ वितळवण्यात जाते आणि तापमान एका अंशानेही वाढलेलं नसतं.

आता धरा, बॅरल साधारण १३ सेंटीमीटर व्यासाचा आणि २ मीटर उंच आणि पूर्ण भरलेला. त्यात अंदाजे २५ लिटर पाणी बसतं. ते सगळं गोठलं असेल तर ८० अंशांचं २५ लिटर पाणी लागेल, आणि तेही वाटेत जराही उष्णता वाया न जाता, जे अशक्य आहे कारण बिडाचा अख्खा खांब आणि भोवतीची हवा आपला वाटा उचलणारच. शिवाय ओतलेलं पाणी बर्फाच्या डोक्यावर साठतं, खाली उतरायला वाट नसते आणि थोड्या वेळाने तेही गोठतं. उलट १ किलो वाफ निवून शून्य अंशांपर्यंत आली तर सुमारे २,७०० किलोज्यूल देते, म्हणजे कागदावर तरी ८ किलो बर्फ वितळतो. हा एवढा फरक आहे.

पाणकळा
सातवा_मजला, एकदम नेमकं. म्हणूनच आमच्याकडे वाफेचं मशीन हेच मुख्य हत्यार असतं. रबरी नळी एका तोंडातून आत सोडायची, वाफ चालू करायची आणि बर्फ वितळेल तशी नळी हळूहळू खाली सारत जायची. घाई नाही. नळी व्हॉल्वपर्यंत पोचली आणि दांडा हलका फिरायला लागला की मग सावकाश पूर्ण उघडायचा, पाणी वाहू द्यायचं, सावकाश बंद करायचा. झटक्यात बंद केला तर लाइनमध्ये पाण्याचा धक्का बसतो आणि दुसरीकडे पाइप फुटतो. आणि वाफ भाजते, चेहऱ्याला शील्ड आणि हातात जाड मोजे हवेतच. मशीन नसेल तर हे काम करणाऱ्यांना बोलवा, घरगुती प्रयोग नकोत.

खटपट्या
एवढा खटाटोप कशाला? पाणी राहतंच आहे तर गाडीतलं अँटीफ्रीझ ओतून ठेवा की हिवाळाभर. गोठणारच नाही. नाहीतर मूठभर मीठ.

लालबंब
नको हो!! गाडीच्या अँटीफ्रीझमध्ये साधारणपणे इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. हायड्रंट ज्या लाइनवर असतो तीच लाइन बऱ्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्याची असते. दाब गेला आणि उलटा प्रवाह झाला तर ते घरांच्या नळात जाईल. निचऱ्याच्या भोकांतून जमिनीत तर जाणारच.

पाणकळा
लालबंबना पूर्ण अनुमोदन. काही ठिकाणी निचरा होऊच शकत नाही अशा हायड्रंटमध्ये खाण्याच्या दर्जाचं प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, पण ते पाणीपुरवठा खात्याच्या परवानगीने आणि मोजून-मापून. स्वतःच्या मनाने काहीही आत ओतायचं नाही. मीठही नाही, त्याने बीड आणि पितळी भाग गंजतात.

खटपट्या
ठीक आहे, पिण्याच्या लाइनचा मुद्दा पटला. मग बाहेरून गुंडाळलं तर? जाड ब्लँकेट, वर प्लास्टिक.

सातवा_मजला
ब्लँकेट उष्णता तयार करत नाही, फक्त जाण्याचा वेग कमी करतं. आत ऊब देणारं काही नसेल तर पाणी रात्रीऐवजी परवा गोठेल एवढंच.

लालबंब
आणि गुंडाळलेला हायड्रंट आम्हाला अंधारात, धुरात, बर्फ पडत असताना दिसला पाहिजे ना! ते सोडवत बसायला वेळ नसतो. कृपया कोणीही हायड्रंट झाकू नका, त्यावर काही टेकवून ठेवू नका.

मी स्वयंसेवक अग्निशामक आहे, लहान केंद्र, भाग थंड. उंबरठा, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं, कारण खाजगी आवारातल्या हायड्रंटकडे सहसा कोणी बघतच नाही. आमच्या बाजूने सांगतो. जळत्या इमारतीसमोर हायड्रंट गोठलेला निघाला तर तो वितळवायचा प्रयत्न आम्ही करत नाही. एकदा फिरवून बघायचं, झाकणाच्या आट्यांवर बर्फ असेल तर झाकणावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे, नाहीच उघडला तर दुसऱ्याकडे पळायचं. तोवर गाडीच्या टाकीत आहे तेवढ्या पाण्यावर भागवायचं. आतमध्ये माणसं गेलेली असतात आणि टाकी रिकामी होत असते, ती मधली मिनिटं फार जड जातात.

थंडीत आमचे बाकीचे त्रास तर वेगळेच. नोझल पूर्ण बंद केला की होजमधलं उभं पाणी गोठायला लागतं, म्हणून काम नसतानाही थोडं पाणी वाहतं ठेवतो. ते पाणी रस्त्यावर गोठून घसरगुंडी होते म्हणून वाळू टाकावी लागते. आग विझल्यावर होज बर्फाने ताठ झालेले असतात, गुंडाळताच येत नाहीत, तसेच आडवे ट्रकवर टाकून केंद्रात न्यायचे आणि वितळू द्यायचे.

पाणकळा
हातोडीबद्दल थोडं असहमत. झाकणावर हलके ठोके इथवर ठीक, पण मी असे बॉनेट, म्हणजे खांबाच्या डोक्यावरचे टोप, पाहिलेत ज्यांना लोकांनी घणाने बडवलंय. थंड बीड ठिसूळ असतं, तडा आत्ता दिसत नाही आणि दाब आला की उघडा पडतो. तुमच्या पोरांना सांगा, ठोका झाकणाला, खांबाला कधीच नाही.

लालबंब
आगीच्या वेळी हे इतकं शांतपणे होत नाही हो, समोर घर जळत असतं. पण सरावात मुद्दाम सांगेन, मान्य. उलट तुम्हीही एक करा, हिवाळ्याच्या आधी झाकणांच्या आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे आमच्यावर ठोकायची वेळच येणार नाही.

पाणकळा
हे मात्र शंभर टक्के. आणि ग्रीसही खाण्याच्या दर्जाचं.

मधलीसुट्टी
आमच्या कुत्र्याचं मत विचारलं, तो म्हणतो हायड्रंट गोठलेला असो नसो, त्याच्या कामात फरक पडत नाही :)

जुनी_पानं
होज गोठण्यावरून आठवलं. १६ डिसेंबर १८३५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मोठी आग लागली होती. पारा उणे १७ फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे २७ सेल्सिअस. ईस्ट रिव्हर गोठलेली, लोकांनी बर्फ फोडून भोकं पाडली आणि त्यातून पाणी ओढलं तर ते पंपात आणि होजमध्येच पुन्हा गोठायला लागलं. शेवटी आगीची वाट तोडायला दारूगोळा लावून वाटेतल्या इमारती उडवाव्या लागल्या. सहाशेहून जास्त इमारती गेल्या. शहरात भरवशाचं पाणी आणायची निकड त्या आगीने सगळ्यांना पटली, आणि १८४२ मध्ये क्रोटन नदीचं पाणी कालव्याने शहरात आलं.

त्याच शहरात ९ जानेवारी १९१२ ला इक्विटेबल बिल्डिंग जळाली. तेव्हाचे फोटो मिळाले तर जरूर बघा. मारलेलं पाणी इमारतीवरच गोठत गेलं आणि आतून जळालेली अख्खी इमारत बाहेरून बर्फात मढलेली दिसते.

अजून एक. खांबासारख्या हायड्रंटचं श्रेय फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता फ्रेडरिक ग्राफ यांना दिलं जातं, साल १८०१ च्या आसपास. पण पेटंटचा कागद दाखवता येत नाही, कारण १८३६ मध्ये वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिसच जळालं आणि जुन्या नोंदी त्यात गेल्या.

रानवारा
हायड्रंटचा कागद आगीत गेला, काय योग म्हणायचा हा.

चौकस
जुनी_पानं, मस्त. ब्रिटनमध्ये फिरताना मला असे खांब दिसलेच नव्हते, मग तिथे काय करतात?

जुनी_पानं
तिथे हायड्रंट जमिनीखाली, लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात असतात. जवळच्या भिंतीवर किंवा खुंटावर पिवळी पाटी असते, त्यावर काळा एच आणि दोन आकडे. वरचा आकडा पाइपाचा व्यास मिलिमीटरमध्ये, खालचा पाटीपासून हायड्रंट किती मीटरवर आहे ते.

लालबंब
आणि थंडीत त्यांचा त्रास वेगळा, आधी बर्फाखाली ते झाकण सापडायला हवं, मग फ्रेमला गोठून चिकटलेलं उचलायला हवं, आणि खड्ड्यात पाणी साठून गोठलं असेल तर संपलंच. अशा वेळी ती पाटीच कामाला येते.

झुंजुमुंजू
माझ्या दारासमोरच हायड्रंट आहे. बर्फ काढणारी गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा ढिगारा नेमका त्याच्यावर लोटून जाते. मी दर वेळी फावड्याने मोकळा करते, पण किती मोकळा करायचा हे कोणी सांगितलेलं नाही. नुसता वरचा भाग दिसला की पुरे का?

लालबंब
झुंजुमुंजू, तुमच्यासारखे शेजारी प्रत्येक गल्लीत हवेत. नुसता दिसून पुरत नाही. पाना पूर्ण गोल फिरवायला आणि होज जोडायला जागा लागते, म्हणून चहूबाजूंनी साधारण १ मीटर मोकळा करा आणि रस्त्यापर्यंत वाट ठेवा. बर्फ उकरायला लागली तर सुरुवातीची काही मिनिटं तिथेच जातात, आणि आग त्या वेळात खोलीभर पसरते. बोस्टनमध्ये तर नागरिकांनी एकेक हायड्रंट दत्तक घेऊन त्याच्याभोवतीचा बर्फ काढायचा, अशी ऑनलाइन योजनाही काढली होती.

ज्यांच्या आवारात खूप बर्फ पडतो त्यांनी हायड्रंटला उंच लवचिक काठी आणि वर झेंडा किंवा चमकणारी पट्टी लावून घ्या. खांब पूर्ण गाडला गेला तरी काठी दिसते.

सातवा_मजला
एक जोड देतो. बर्फ उष्णतारोधक असतो, त्यामुळे ज्या रस्त्यावरचा बर्फ सतत काढला जातो तिथली जमीन शेजारच्या बर्फ साठलेल्या हिरवळीपेक्षा खोलवर गोठते. आणि हवा उबदार व्हायला लागली तरी गारठा काही काळ खाली उतरतच राहतो. त्यामुळे हिवाळा संपत आला म्हणून फेऱ्या थांबवू नका.

चौकस
मग हायड्रंटभोवती बर्फ ठेवलेलाच बरा म्हणायचा का?

लालबंब
चौकस, नाही! तो काढायचाच. पाणी खाली दोन मीटरवर सुरक्षित आहे आणि हायड्रंट सापडलाच नाही, तर उपयोग काय?

पाणकळा
उंबरठांचा पहिला प्रश्न राहून गेला की. आत पाणी किंवा बर्फ आहे का ते ओळखायचं कसं?

चालू हायड्रंट असेल तर सगळ्यात सोपी तळहाताची परीक्षा. पाणी सोडून बंद केल्यावर उघड्या तोंडावर तळहात घट्ट दाबून ठेवायचा. निचरा होत असेल तर हात आत ओढल्यासारखा वाटतो. चांगल्या हायड्रंटला इतकी ओढ असते की हात सोडवताना जाणवतं. ओढ नाही म्हणजे पाणी उतरत नाहीये.

एरवी झाकण काढून दोरीला छोटं वजन बांधून आत सोडायचं. ओली आली तर पाणी, वाटेतच टक्कन अडलं तर बर्फ, कोरडी तळाला पोचली तर उत्तम. दोरी आत पडू देऊ नका म्हणजे झालं. शिवाय कान लावून बघायचं, बंद असूनही सूं असा आवाज येत असेल तर व्हॉल्व गळतोय.

अमेरिकेतल्या एनएफपीए २५ या देखभालीच्या मानकात ड्राय बॅरल हायड्रंटचा पूर्ण निचरा ६० मिनिटांच्या आत व्हायला हवा असं आहे. मी तेच माप धरतो.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज घडलेलं सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

अग्निशमन केंद्राला त्याच दिवशी कळवलं आणि पाटी लावली. आज वाफेच्या मशीनवाली मंडळी आली. झाकण निघाल्यावर टॉर्चच्या, म्हणजे बॅटरीच्या, उजेडात बघितलं तर तोंडापासून वीतभर खाली पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ दिसत होता. नळी हळूहळू खाली जाताना आधी नुसती वाफ परत यायची, मग गढूळ पाणी, आणि एकदम आतून खडखड आवाज करत बर्फाचा तुकडा सुटून खाली बसला. त्यानंतर दांडा हाताला हलका लागला. पूर्ण उघडला, पाणी आलं, सुरुवातीला तांबूस आणि मग स्वच्छ. नशिबाने कुठे तडा नाही.

बंद करून तळहात लावला. ओढ शून्य. शेजारच्या हायड्रंटवर तेच करून बघितलं तर हात चक्क चिकटला. परत येऊन दोरी सोडली, पाणी होतं तिथेच. तासभर थांबलो, जराही उतरलं नाही.

मग गेटवरच्या माणसाकडे चौकशी केली तेव्हा कारण सापडलं असं वाटतंय. थंडीच्या आधी आवारात फरसबंदीचं काम चाललं होतं आणि त्या मंडळींनी पाणी या हायड्रंटवरून घेतलं. प्रवाह कमी हवा म्हणून व्हॉल्व अर्धवट उघडून दिवसचे दिवस तसाच ठेवायचे, आणि काम संपलं की लगेच झाकण घट्ट. कोणाला विचारलं नव्हतं.

पाणकळा
सापडलं! अर्धवट उघडा हायड्रंट म्हणजे निचऱ्याची भोकंही अर्धवट उघडी, आणि त्यातून पूर्ण दाबाचं पाणी भोवतालच्या खडीत घुसत राहतं. खडी वाहून जाते, माती ढवळते आणि मग तीच माती भोकांत बसते. हायड्रंट एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. प्रवाह कमी करायचा तर तोंडाला वेगळा व्हॉल्व जोडून करायचा.

पण खात्री करून घ्या. आतलं पाणी पंपाने पूर्ण उपसा आणि उद्या सकाळी पुन्हा दोरी सोडा. पाणी परत भरलेलं दिसलं तर एकतर भूजल आत येतंय नाहीतर व्हॉल्व गळतोय. कोरडाच राहिला तर भोकं बुजली आहेत.

उंबरठा
उपसून ठेवला होता, आत्ता बघितलं. दोरी तळापर्यंत कोरडी. म्हणजे भोकं बुजली आहेत. आता पुढे काय?

पाणकळा
थंडी संपेपर्यंत खणू नका. तोवर हा 'उपसून कोरडा करायचा' हायड्रंट समजा, तशी वेगळी पाटी लावा आणि प्रत्येक वापरानंतर उपसा. साधा हातपंप चालतो, फक्त त्याची नळी तळापर्यंत पोचली पाहिजे.

ऊब आली की आधी एक सोपा उपाय करून बघा. सगळी झाकणं घट्ट लावून नट दोन-तीन फेरेच उघडायचा, काही सेकंद थांबायचं, मग बंद. दाबाचं पाणी भोकांतून जोरात बाहेर जातं आणि अडकलेला गाळ निघतो. मग तळहात लावून बघा. ओढ आली तर काम झालं, नाहीतर खणून नवी खडी भरावी लागेल.

चौकस
थांबा थांबा, आत्ताच तर म्हणालात अर्धवट उघडायचा नाही!

पाणकळा
रास्त शंका आहे. फरक वेळेचा आहे. काही सेकंदांनी भोकं साफ होतात, दिवसचे दिवस तसाच ठेवला तर खालची जमीन पोखरते. म्हणूनच हे माहीतगार माणसानेच करायचं.

सातवा_मजला
आणि भूजल वर असलेल्या जागी तर भोकं मुद्दाम बुजवूनच टाकतात ना?

पाणकळा
हो, नाहीतर बाहेरचं पाणी आत येत राहतं. असे हायड्रंट कायमचे उपसायच्या यादीत. वाईट काहीच नाही त्यात, फक्त यादी माहीत हवी आणि वापरल्यावर कोणीतरी खरंच उपसायला जायला हवं.

झुंजुमुंजू
ही यादी रंगांवरून कळते का? आमच्या इथे काहींची टोपणं निळी आहेत, काहींची नारंगी.

लालबंब
तो बहुतेक प्रवाहाचा रंग असावा. एनएफपीए २९१ नुसार मिनिटाला १,५०० गॅलन किंवा जास्त असेल तर फिकट निळा, १,००० ते १,४९९ हिरवा, ५०० ते ९९९ नारंगी आणि ५०० च्या खाली लाल. पण सगळीकडे हीच पद्धत पाळतात असं नाही, तुमच्या केंद्रात विचारून घ्या.

उंबरठा, एक विनंती. आग विझवून आम्ही पहाटे निघतो तेव्हा सगळे थकलेले असतात, आणि हायड्रंट बंद केला की काम संपलं असंच वाटतं. उपसायचा हायड्रंट कोणता हे आम्हाला आधीच माहीत असेल तर निघताना तुम्हाला तिथूनच फोन करता येतो. तुमच्या आवाराचा नकाशा, त्यावर प्रत्येक हायड्रंट आणि हा एक वेगळ्या खुणेने, असा तुमच्या केंद्राला द्याल का? गाडीत ठेवता येईल.

उंबरठा
नकाशा तयारच आहे, खूण करून आजच देऊन येतो. आणि फरसबंदीवाल्यांपासून सगळ्यांसाठी नियम केलाय, देखभालीच्या माणसाशिवाय हायड्रंटला कोणी हात लावायचा नाही, पाणी हवं असेल तर आम्ही काढून देऊ. बाकीच्या सगळ्यांची तळहाताची परीक्षा उद्यापासून सुरू करतोय, निकाल इथेच लिहीन.

पाणकळा
झकास. लाइनच्या अगदी टोकाला असलेला आधी बघा, तिथे पाणी हलत नाही.